सोसायटीच्या ग्रुपवरची एक म्हण आणि अब्रुनुकसानीचा कायदा : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या उपनगरातील ८४ सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत घडले. मी त्यात एका पक्षाचा वकील होतो. दोन्ही पक्षांच्या संमतीने हे लिहीत आहे. नावे व ठिकाण दिलेले नाही आणि रकमा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि त्यातून उभे राहिलेले कायद्याचे प्रश्न मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

संस्थेचे खजिनदार टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ होते. संस्थेतले सगळे त्यांना काका म्हणत. नऊ वर्षे त्यांनी एक रुपयाही मानधन न घेता हिशेब सांभाळला होता. ज्यांच्याशी वाद झाला त्या सभासद चाळिशीच्या, एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करणाऱ्या होत्या. त्यांना येथे ताई म्हणतो, कारण वाद होईपर्यंत काकाही त्यांना याच नावाने हाक मारत असत.

मे २०२४ मध्ये विशेष सर्वसाधारण सभेने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ९,४०,००० रुपये मंजूर केले. पावसाळ्याच्या तोंडावर काम झाले आणि ऑगस्टमध्ये कंत्राटदाराला ११,८५,००० रुपये दिले गेले. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ताईंनी वरच्या २,४५,००० रुपयांविषयी विचारले, तेव्हा हा खर्च चालू आर्थिक वर्षातला असल्यामुळे पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात दिसेल, असे उत्तर त्यांना मिळाले. हे उत्तर नियमाला धरून होते, पण ज्याला आजच बिल पाहायचे आहे त्याचे त्याने समाधान होणे शक्य नव्हते. त्यानंतर त्यांनी संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनदा लिहिले, "काका, टेरेसचे बिल ग्रुपवर टाका ना." सचिवांनी एकदाच उत्तर दिले, "सभेत बघू." काका काहीच बोलले नाहीत, फोनवर टाइप करणे त्यांना जमत नसे आणि जे जमत नाही त्यासाठी दुसऱ्याला सांगणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

दरम्यान कार्यकारिणीतल्याच एकाने ताईंना दोन्ही कोटेशनांचे फोटो दिले. वेगवेगळ्या दोन फर्मच्या लेटरहेडवर असलेली ती कोटेशने एकाच हस्ताक्षरात भरलेली होती.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. त्या दिवशी तळमजल्यावर काकांच्या दारात नवी स्कूटर आली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री पावणेअकराच्या सुमारास ग्रुपवर पुढील संदेश आला.

"टेरेसचे मंजूर ९ लाख ४०, दिले ११ लाख ८५. वरचे २ लाख ४५ हजार कोणाच्या घरात गेले? दोन्ही कोटेशनं एकाच हस्ताक्षरात आहेत, फोटो बघा. तळमजल्यावर दसऱ्याला काय आलं तेही बघा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय."

सोबत तीन फोटो होते. तिसऱ्यात स्कूटरच्या हँडलला बांधलेला झेंडूचा हार स्पष्ट दिसत होता.

नेमका पेच

ग्रुपमध्ये ११२ जण होते. ८४ सदनिकांचे सभासद आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याखेरीज भाडेकरू, दूधवाले, केबलवाले, प्लंबर आणि सुरक्षा एजन्सीचा पर्यवेक्षकही त्यात होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंनी संदेश सर्वांसाठी डिलीट केला, पण तोवर तो पुढे पाठवला गेला होता. तिसऱ्या दिवशी काकांच्या मुलीच्या सासऱ्यांचा फोन आला. "व्याही, हे काय कानावर येतंय?" एवढेच ते म्हणाले. काकांनी मला सांगितले की त्या रात्रीपासून त्यांनी जेवण टाकले होते.

नवव्या दिवशी ते माझ्याकडे आले. हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यात रोकड वही, व्हाउचरची फाइल, कार्यकारिणीचे इतिवृत्त, पोलीस ठाण्यातली एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) पावती आणि झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेली संदेशाची प्रिंट होती. प्रिंट कागदात बसवताना वरचा भाग कापला गेला होता; त्यामुळे तारीख, ग्रुपचे नाव आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक यांपैकी काहीच त्यावर उरले नव्हते.

मी आधी कागद पाहिले. वाढीव २,४५,००० रुपये कठड्याच्या प्लास्टरसाठी आणि पावसाच्या पाण्याच्या दोन नव्या नळ्यांसाठी खर्च झाले होते. कार्यकारिणीचा ठराव होता, मोजमापासहित जीएसटीचे बिल होते, रक्कम चेकने दिलेली होती. स्कूटर मुलीने हप्त्यांवर घेऊन दिलेली होती आणि कर्जाची कागदपत्रे तिच्या नावावर होती. म्हणजे पैसे कोणाच्याही घरात गेलेले नव्हते. परंतु वाढीव खर्च सर्वसाधारण सभेपुढे ठेवलेला नव्हता आणि दुसरे कोटेशन कंत्राटदारानेच मित्राच्या लेटरहेडवर भरून आणले होते. काकांनी ते नाकारले नाही. "त्याने दोन्ही आणून दिली, आम्ही फाइलला लावली," असे ते म्हणाले.

मी त्यांना तेव्हाच सांगितले, "काका, तुम्ही चोर नाही हे कागद सांगतात. पण कोटेशनांबद्दल त्या बाई खरं बोलतायत." ते बराच वेळ गप्प बसले. पुढचे सगळे निर्णय या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घ्यावे लागले.

कायदा काय म्हणतो

संदेश १ जुलै २०२४ नंतरचा असल्यामुळे भारतीय दंड संहितेची जुनी कलमे ४९९ व ५०० येथे लागू नव्हती; भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू होते. व्याख्या जवळपास तीच आहे. एखाद्या व्यक्तीच्या लौकिकाला हानी पोचवण्याच्या उद्देशाने, किंवा हानी पोचेल हे माहीत असताना वा तसे मानण्यास कारण असताना, तिच्याविषयी बोलून, लिहून, खुणेने किंवा चित्राने काही आरोप करणे अथवा तो प्रसिद्ध करणे म्हणजे बदनामी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेने त्यात समाजसेवेच्या शिक्षेची भर घातली आहे. आरोप एका तिऱ्हाइतापर्यंत पोचला तरी प्रसिद्धी होते, आणि येथे तर शंभराहून अधिक तिऱ्हाईत होते. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनीही प्रत्येक वेळी नव्याने प्रसिद्धीच केली.

ताईंच्या बाजूने पुढे दोन युक्तिवाद आले. पहिला असा की संदेशात कोणाचेही नाव नाही. पण कार्यकारिणीतले तळमजल्यावर राहणारे एकटे काकाच होते, आणि ओळखणाऱ्या माणसांना ओळख पटत असेल तर नाव छापलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. दुसरा युक्तिवाद अधिक चतुर होता: "चोर" म्हटलेले नाही, केवळ म्हण वापरली आहे. मराठीत कोणत्याही म्हणीतला चोर खराच चोर असतो असे नाही, हे मला मान्य आहे. तरीही वाक्याचा अर्थ ते सुटे काढून लावायचा नसतो. सामान्य वाचक सगळा मजकूर एका दमात वाचून काय समजेल, ते पाहायचे असते. आधी रक्कम, मग "कोणाच्या घरात गेले" हा प्रश्न, मग स्कूटरचा फोटो आणि शेवटी ही म्हण, अशा क्रमाने वाचणाऱ्याला एकच अर्थ लागतो. उपरोधाने किंवा आडवळणाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे या कलमाचे स्पष्टीकरणच सांगते.

खरी अडचण सत्याची होती, आणि याविषयी फार गैरसमज असल्यामुळे थोडे सविस्तर सांगतो. दिवाणी दाव्यात विधान सत्य असल्याचे सिद्ध झाले की प्रतिवादी सुटतो; मात्र सत्य सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. फौजदारीत केवळ सत्य पुरत नाही. बदनामी कधी ठरत नाही हे सांगणारे अपवाद कलम ३५६ मध्येच दिले आहेत; त्यांतला पहिला सांगतो की विधान सत्य असले पाहिजे आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे असले पाहिजे. ताईंच्या संदेशातली रक्कम खरी होती, कोटेशनांचा मुद्दा खरा होता आणि संस्थेच्या पैशाविषयी सभासदांना माहिती देणे हिताचेही होते. खोटा होता तो या दोन खऱ्या गोष्टींवरून काढलेला तिसरा निष्कर्ष, आणि बदनामीचे सगळे ओझे त्या तिसऱ्या निष्कर्षावरच होते.

नववा अपवाद त्यांना जवळचा होता: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावपूर्वक केलेला आरोप. सद्भाव म्हणजे मनात वाईट नसणे एवढेच नव्हे; योग्य दक्षता घेऊन आणि लक्षपूर्वक केलेले तेच कायद्याच्या भाषेत सद्भावाने केलेले. याचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणाचे आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणाऱ्या पत्रांवर विसंबून केसरी व मराठा यांत मजकूर छापला गेला. ती पत्रे बनावट निघाली, टिळक व आगरकर यांनी दिलगिरीही व्यक्त केली, तरी त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेणारा मराठी माणूस विरळा. पण हाती आलेला कागद काय सिद्ध करतो आणि काय करत नाही, हे आधी तपासण्याची जबाबदारी चांगल्या हेतूने टळली नाही. ताईंच्या हातातला कागद तर खरा होता. त्यावरून कंत्राटदाराची लबाडी आणि कार्यकारिणीची हलगर्जी दिसत होती, काकांची चोरी दिसत नव्हती. दुसऱ्या बाजूने, त्यांनी दोनदा बिल मागितले होते आणि ते मिळाले नव्हते, ही दक्षता त्यांच्या बाजूला नक्कीच जमा झाली असती. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला तरी त्याला शक्यतांचे पारडे आपल्याकडे झुकवले तरी पुरते. फिर्यादीसारखे निःसंशय सिद्ध करावे लागत नाही. त्यामुळे निकाल कोणत्या बाजूला जाईल हे मी काकांना छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो, आणि तसे सांगितलेही नाही.

आठवा अपवाद मात्र ताईंसाठी उघडाच होता. ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावपूर्वक केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. हाच मुद्दा, हीच कोटेशने, एवढेच काय वाढीव रकमेचा संशयसुद्धा त्यांनी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करून मांडला असता तर काकांना माझ्याकडे यावे लागले नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खालील चौकशीसाठी एक पंचमांश सभासदांचा अर्ज चालतो. ८४ सभासदांत १७ सह्या लागल्या असत्या आणि त्या वातावरणात त्या आठवड्याभरात मिळाल्या असत्या.

समोर असलेले पर्याय

पोलिसांचा रस्ता आधीच संपला होता. काकांचे जावई त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते आणि त्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांविषयीचे कलम) खाली गुन्हा नोंदवा असा आग्रह धरला होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केले. ज्या अटकांवरून ते प्रकरण उभे राहिले त्या पालघरच्याच होत्या, तरी आजही ठाण्यात हा क्रमांक सांगणारे लोक येतात. बदनामी हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशावाचून तपास करू शकत नाहीत असा, आणि जामीनपात्र गुन्हा आहे. पोलिसांनी एनसी लिहून घेतली यात त्यांची काही चूक नव्हती. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम २२२ प्रमाणे न्यायालय या गुन्ह्याची दखल फक्त व्यथित व्यक्तीच्या स्वतःच्या फिर्यादीवरच घेते.

अशी खासगी फिर्याद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करणे हा दुसरा पर्याय होता. फौजदारी बदनामीची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात कायम ठेवली आणि लौकिक हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले, त्यामुळे मार्ग निश्चित खुला होता. मुदत तीन वर्षांची होती. पण फिर्यादीचा शपथेवर जबाब, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्यापूर्वी आरोपीला बाजू मांडण्याची संधी, मग समन्स, मग पुरावा आणि उलटतपासणी. या वाटेवर सदुसष्ट वर्षांच्या माणसाला किती तारखांना न्यायालयाचे जिने चढावे लागतील याचा हिशेब मला करता येत होता. उलटतपासणीत कोटेशनांचा प्रश्न पहिलाच आला असता.

दिवाणी दावा हा तिसरा पर्याय. येथे घड्याळ फार वेगाने चालते. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे लेखी बदनामीच्या भरपाईसाठी ती प्रसिद्ध झाल्यापासून फक्त एक वर्ष मिळते, म्हणजे आमची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ होती. नोटीस पाठवल्याने किंवा बोलणी चालू असल्याने ही मुदत थांबत नाही. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, हेही अनेकांना दाव्याचा मसुदा समोर आल्यावरच कळते.

काकांची स्वतःची आणखी एक मागणी होती: ग्रुपच्या ॲडमिनलाही आरोपी करा. ते मी मान्य केले नाही. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, पूर्वनियोजन किंवा समान उद्देश दाखवता येत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. दूधवाल्यांना ग्रुपमध्ये घेणारा ॲडमिन निष्काळजी असेल, गुन्हेगार नव्हता.

उरला तो नोटिशीचा आणि समेटाचा पर्याय.

काय केले

सर्वांत आधी पुरावा जपला. संदेश डिलीट झाला होता, त्यामुळे ज्यांच्या फोनमध्ये तो फोटोरूपात किंवा पुढे पाठवलेल्या रूपात शिल्लक होता त्यांच्यावरच सगळे अवलंबून होते. अशा दोन व्यक्ती मिळाल्या: शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ आणि काकांचे व्याही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत दाखल करायची तर सोबत विहित नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा संगणकीय संकेतांक) नोंदवायचे असते. प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक याचिकेवरून आलेल्या खोतकर प्रकरणात, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब च्या संदर्भात, सांगितले होते. शेजारच्या गृहस्थांनी सुरुवातीला होकार दिला आणि "कोर्टात यावं लागेल का?" हे विचारून झाल्यावर माघार घेतली. व्याह्यांनी मात्र स्वतःचा फोन आणून माझ्या टेबलावर ठेवला. ज्यांच्यापुढे काकांची मान खाली गेली होती तेच आमचे एकमेव भक्कम साक्षीदार झाले.

मग नोटीस पाठवली, आणि तेथे माझा निर्णय चुकला. जावयांचा आग्रह २५ लाखांच्या मागणीचा होता. आकडा मोठा असला की समोरचा बोलणी करायला येतो, असा वकिली अनुभव मलाही होता, म्हणून मी तो आकडा राहू दिला. तीन आठवड्यांनी आलेल्या उत्तरात माफीचा शब्दही नव्हता. सत्य, लोकहित, नववा अपवाद, म्हणीचा युक्तिवाद आणि सोबत दोन्ही कोटेशनांच्या रंगीत प्रती. पुढे समेटाच्या बैठकीत ताईंनीच सांगितले की संदेश डिलीट केला त्याच संध्याकाळी त्या काकांकडे जायला निघाल्या होत्या, दारात जावई दिसले म्हणून परत फिरल्या; आणि २५ लाखांचा आकडा वाचल्यावर माफी म्हणजे कर्जाची कबुली ठरेल, असे त्यांना वाटले.

त्यानंतर मी काकांना दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, गच्चीच्या कामाची सगळी कागदपत्रे नोटीस बोर्डावर लावावीत, कोटेशनांसह. जावयांना हे शरणागतीसारखे वाटले. काकांनी एक रात्र विचार केला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः टाचण्या घेऊन कागद लावले. दुसरी, दावा लगेच न लावता २०२४-२५ च्या वैधानिक लेखापरीक्षणाची वाट पाहावी, कारण वाढीव खर्चाविषयी तिऱ्हाईत लेखापरीक्षकाचा शेरा हा दोघांच्याही विधानांपेक्षा वजनदार ठरणार होता. यात मुदतीचा धोका होता. म्हणून दाव्याचा मसुदा सही करून तयार ठेवला, माझ्या डायरीत १ ऑक्टोबर २०२५ ही दावा दाखल करण्याची तारीख लिहिली आणि काकांना लेखी कळवले की त्या दिवसापुढे आपण थांबणार नाही.

लेखापरीक्षण अहवाल जुलैअखेर आला. अपहार आढळला नाही, असे त्यात नमूद होते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च सर्वसाधारण सभेपुढे न ठेवणे आणि स्पर्धात्मक कोटेशने न घेणे हे दोन दोष दाखवून त्यांची दुरुस्ती करण्यास सांगितले होते. अहवालाची प्रत मी त्याच दिवशी ताईंच्या वकिलांना पाठवली आणि फोन केला. भरपाईची मागणी मागे घेतो, मजकुरावर बोलू, असे सांगितले.

माफीचा मजकूर

दोन बैठका या एका परिच्छेदावर झाल्या, आणि माझ्या मते प्रकरणातले सर्वांत कसोटीचे काम हेच होते. ताईंच्या बाजूने आलेला पहिला मसुदा असा होता: "माझ्या संदेशाने कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे." काकांनी तो वाचला आणि चष्मा काढून खाली ठेवला. "भावनांचं नाही हो, माझ्या व्याह्यांना काय सांगू ते यात नाही," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे कायद्याच्या अंगानेही अचूक होते. बदनामीत भावना दुखावणे हा मुद्दाच नसतो. इतरांच्या नजरेतले माणसाचे स्थान खाली आले का, हा मुद्दा असतो. "असतील तर" म्हणणारी दिलगिरी ते स्थान परत देत नाही, कारण कोणते विधान खोटे होते हे ती सांगतच नाही.

आमचा पहिला मसुदाही चुकीचा होता, हे नमूद केले पाहिजे. त्यात संपूर्ण संदेश मागे घेण्याची अट होती. ताई शांतपणे म्हणाल्या, "बिल मागितलं होतं, ते मी मागे घेणार नाही. कोटेशनं एका हाताची आहेत, तेही नाही. तुम्ही स्वतः बोर्डावर लावलीत ना काका?" काकांनी मान हलवली. तेथून काम सोपे झाले. संदेशाचे वाक्यावाक्याने तुकडे केले. जे खरे ते ठेवायचे, जे प्रश्न म्हणून रास्त ते ठेवायचे, आणि जो आरोप पुराव्यावाचून होता तेवढाच नाव घेऊन मागे घ्यायचा, असे ठरले. शेवटी मान्य झालेला मजकूर पुढीलप्रमाणे होता.

"१४ ऑक्टोबर २०२४ रोजी मी या ग्रुपवर टाकलेल्या संदेशात टेरेसच्या कामातील रक्कम खजिनदारांनी घेतली असे सुचवले होते आणि त्यांना उद्देशून चोर हा शब्द येणारी म्हण वापरली होती. हे खरे नव्हते. लेखापरीक्षणात अपहार आढळलेला नाही. त्यांच्या स्कूटरचा या खर्चाशी काहीही संबंध नाही. मी ती विधाने मागे घेते आणि काकांची माफी मागते. खर्चाची मंजुरी आणि कोटेशने यांविषयी मी विचारलेले प्रश्न लेखापरीक्षकांनीही नोंदवले आहेत व ते मी कायम ठेवते."

काकांनीही चार ओळी लिहून द्याव्यात, असे ताईंच्या वकिलांनी सुचवले. पहिल्यांदा बिल मागितले तेव्हाच ते द्यायला हवे होते, असे काकांनी स्वतःच्या हाताने लिहिले. तो मजकूर मी बदलला नाही.

निष्पत्ती

ताईंचा संदेश त्याच ग्रुपवर गेला आणि सात दिवस वर पिन केलेला राहिला. १४ सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सभेत सचिवांनी दोन्ही निवेदने वाचून दाखवली आणि ती इतिवृत्तात नोंदवली गेली. कागदावर सही केलेली एक प्रत ताईंनी काकांना वेगळी दिली, कारण व्याह्यांना ग्रुपवरचा संदेश दिसणार नव्हता. पैशांची देवघेव झाली नाही. प्रत्येकाने आपापला खर्च सोसला. दावा व फिर्याद करणार नाही असे काकांनी लिहून दिले. संस्थेने ग्रुपमधून सभासद नसलेल्यांना वगळून त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप केला आणि एका ठरावाने दुरुस्तीच्या कामांची बिले दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत बोर्डावर लावण्याचे ठरवले. काकांनी त्याच सभेत खजिनदारपद सोडले. पद स्वीकारायला कोणी पुढे येईना, तेव्हा ते ताईंनी घेतले.

जे भरून निघाले नाही तेही सांगायला हवे. मूळ संदेश किती ग्रुपांत गेला हे कोणालाच कळले नाही आणि दुरुस्तीचा संदेश त्यांतल्या एखाद-दुसऱ्याच ठिकाणी पोचला असेल. काकांना टपाल खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने पुढे अनेक महिन्यांनी "ते सोसायटीचं काय झालं होतं?" असे विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, असे ते मला म्हणाले.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू सप्टेंबर २०२४ चा. बिल फाइलमध्ये होते, ते दाखवायला दहा मिनिटे लागली असती. सभासदाला दफ्तर पाहण्याचा हक्क आहे आणि ग्रुपवर उत्तर द्यायचे नसेल तर "उद्या संध्याकाळी कार्यालयात येऊन पाहा" असे सांगता आले असते. पदाधिकाऱ्याचे मौन कायद्याने चोरीचा पुरावा ठरत नाही, पण आरोप करणाऱ्याच्या सद्भावाला ते आधार मात्र देते. खटला उभा राहिला असता तर सचिवांचे "सभेत बघू" हे दोन शब्द आमच्याविरुद्ध वाचले गेले असते.

दुसरा, ताईंचा. संदेश पहिल्या तीन वाक्यांवर आणि पहिल्या दोन फोटोंवर थांबला असता, आणि "कोणाच्या घरात गेले" ऐवजी "कशावर खर्च झाले" असे विचारले असते, तर त्यात कारवाई करण्याजोगे जवळपास काहीच नव्हते. समान हितसंबंध असलेल्या सभासदांमधले असे बोलणे दिवाणी कायद्यातही मर्यादित संरक्षणास पात्र असते. ते संरक्षण द्वेषाने आणि ज्यांचा संबंध नाही अशांपर्यंत बोलणे पोचवल्याने जाते. ग्रुपमधले केबलवाले येथे त्यांना महागात पडले असते.

तिसरा माझा. आता असे प्रकरण आले तर मी पहिल्या नोटिशीत रक्कम लिहीत नाही. कोणते वाक्य खोटे आहे, ते खोटे असल्याचे दाखवणारा कागद कोणता आणि कोणत्या ठिकाणी, कोणत्या शब्दांत दुरुस्ती हवी, एवढेच लिहितो आणि भरपाईचा हक्क राखून ठेवतो. नोटिशीपूर्वी एक फोन करायला हवा होता, हेही खरे. ताई दारापर्यंत येऊन परतल्या होत्या, हे मला दहा महिने कळले नाही.

चौथा निर्णय, लेखापरीक्षणापर्यंत थांबण्याचा, आजही मला बरोबर वाटतो, पण त्याची जोखीम मी कमी लेखणार नाही. अहवाल सप्टेंबरअखेर आला असता, किंवा त्यातला शेरा मोघम असता, तर १ ऑक्टोबरला दावा दाखल करण्यावाचून गत्यंतर नव्हते. सही केलेला तो मसुदा अजून माझ्या कपाटात आहे. काकांची कापडी पिशवीही बरेच दिवस तेथेच राहिली होती. सभेनंतरच्या सोमवारी ते येऊन रोकड वही घेऊन गेले, नव्या खजिनदारांकडे सुपूर्द करण्यासाठी.